मांजरासाठी अंड्याचं सॅलड

दुकानातलं आयतं खाणाऱ्यांविषयी मापसाहेबांचं मत सगळ्या गल्लीला पाठ होतं. ‘‘हात मोडलेत का यांचे?’’ हे वाक्य ते जिन्यात म्हणत, न्हाव्याच्या खुर्चीत बसून म्हणत, आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो समोर उभा असला तर जरा जास्तच मोठ्याने म्हणत. वरच्या मजल्यावर एक फोटोग्राफर एकटा राहायचा. संध्याकाळी तो तयार जेवणाचे डबे पिशवीत घालून जिना चढायला लागला, की मापसाहेब नेमकं तेव्हाच दार उघडत.

‘‘काय, आज कुठल्या कारखान्यात रांधलं?’’

फोटोग्राफर बिचारा ओशाळं हसून वर सटके. मापसाहेब दार लावून आत येत आणि बायकोला सांगत, ‘‘गुरंसुद्धा बघून तोंड घालतात गं. हा झाकण उघडतो आणि गिळतो.’’

मापसाहेब हे नाव बाजाराने दिलेलं. नोकरीभर ते वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. पितळी वजनांची लाकडी पेटी काखेत मारून ते दुकानात शिरले, की भल्याभल्यांची बोबडी वळे. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, दुहेरी बुडाचं माप, तराजूवर हळूच टेकलेला अंगठा, सगळं त्यांनी पकडलं होतं. आणि पकडलं की ते ओरडत नसत. पेटी मिटत आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत एकच प्रश्न विचारत : ‘‘घरी याच मापाने वाढता का?’’

आजवर एकाही दुकानदाराने या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. सगळे खाली बघत. घरी आल्यावर मापसाहेब हा प्रसंग जेवताना रंगवून सांगत आणि त्यांची एकुलती एक लेक, बेबी, घास हातात धरून डोळे विस्फारून ऐकत राही. मग बायको म्हणे, ‘‘पुरे आता, निवतंय सगळं.’’

तर ही बायको होती तोवर मापसाहेबांचा तोरा शोभून दिसत होता. आयत्या जेवणाला नावं ठेवणाऱ्या या गृहस्थाने जन्मात कधी साधं पाणी उकळलं नव्हतं. बायको गेली आणि घरात एक साधी गोष्ट उघडी पडली, की साहेबांनाही आयतंच लागतं, फक्त ते आजवर घरातच मिळत होतं. त्यांनी स्वयंपाकाचा प्रयत्न केला, नाही असं नाही. एक पातेलं जाळलं, दुसऱ्याचं बूड काळं केलं, तिसऱ्यांदा धूर एवढा झाला की फोटोग्राफर बादली घेऊन खाली धावत आला. ‘‘काही नाही, भांडी तापवून निर्जंतुक करतोय,’’ असं सांगून त्याला हाकललं. हाकलताना त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मात्र साहेबांच्या फार जिव्हारी लागलं.

त्यात हृदयाचं दुखणं निघालं. धाप लागायची, संध्याकाळी पाय सुजायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, दिवसभराचं सगळं मिळून मीठ तीन ग्रॅमच्या आत. बेबी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही माझ्याकडेच या आता. खोली रिकामी आहे.’’

‘‘मी काय गाठोडं आहे, इथून उचलून तिथे ठेवायला?’’

बेबीचं घर छान होतं, जावई सज्जन होता, नातवंडं गोड होती. पण मापसाहेबांना आपलं घर हवं होतं. आपली खुर्ची, आपली खिडकी, बायकोने लावलेल्या क्रमाने ठेवलेली कपाटातली भांडी. कोणाच्या घरात ‘बाबा, दिवा बंद केलात का’ ऐकत जगायचं म्हणजे त्यांच्या मते जिवंतपणी फोटोला हार घालून घेणं. डॉक्टरांनीही तेव्हा त्यांची बाजू घेतली, पण अट घातली : ‘‘पथ्य नीट सांभाळलंत तर राहा एकटे. पाय सुजतच राहिले, तर मीच तुम्हाला लेकीकडे धाडीन.’’

म्हणजे आता सगळा मामला मिठावर येऊन ठेपला. आणि माप म्हटलं की साहेबांच्या अंगात वारं संचारत असे.

ते मोठ्या दुकानात गेले. कोपऱ्यात थंड कपाटांची रांग होती आणि कपाटांत डबेच डबे. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, चष्मा पुसला आणि एकेक डबा उलटा करून मागचा तक्ता वाचायला सुरुवात केली. सूप : मीठ दोन ग्रॅम. ‘‘समुद्र भरलाय की काय यात?’’ भाजलेली कोंबडी : अडीच. ‘‘मारेकरी लेकाचे.’’ मग हाती लागला अंड्याच्या सॅलडचा डबा, दुकानाच्याच नावाचा, तळहातावर मावेल एवढा, कंबरेला कागदी पट्टा गुंडाळलेला. ऊर्जा अमुक, प्रथिनं सहा ग्रॅम, मीठ : अर्धा ग्रॅम. साहेबांनी तो आकडा पुन्हा वाचला. अर्धा! तक्त्याच्या डोक्यावर ‘प्रत्येक सर्व्हिंगमध्ये’ असं लिहिलं होतं. मग बरोबरच आहे. चिमणीला पुरेल एवढा डबा, तो एका माणसाला एका वेळी, झाली सर्व्हिंग. ह्यात विचार तो काय करायचा?

तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘अरे वा, साहेब! तुम्ही इकडे?’’

फोटोग्राफर. काखेत सूप, हातात कोंबडी.

‘‘मांजरासाठी,’’ मापसाहेब म्हणाले.

‘‘मांजर पाळलंत?’’

‘‘येतं एक. पांढरं. अंड्याशिवाय तोंड लावत नाही मेलं.’’

अशा रीतीने एका मांजराचा जन्म झाला. गल्ल्यावरच्या मुलीलाही साहेबांनी न विचारता तेच सांगितलं. ती म्हणाली, ‘‘नशीबवान आहे हो मांजर.’’

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर पितळी वजनांची पेटी काढली, जुना तराजू लावला आणि डबा तोलला. वर लिहिलं होतं दोनशे ग्रॅम. माल निघाला दोनशेला चिमूटभर जास्तच. साहेब खूश झाले. मापाला चोख आहे म्हणजे कंपनी चांगली, असा त्यांचा हिशोब. मग खाल्लं. आणि खाताना शिव्या घातल्या. अंडं शोधावं लागत होतं. नुसता पांढरा चिकट लगदा, त्यात तेल, त्यात पिठूळ काहीतरी, वर चक्क साखर! ‘‘अंड्यात साखर घालणाऱ्याच्या सात पिढ्यांत कोणी अंडं बघितलं नसेल,’’ असं ते रिकाम्या खुर्चीला म्हणाले. पण खरं सांगायचं तर, खारट-गोड असं ते जिभेला बरं लागत होतं. आणि आकडा बिनतोड होता.

रोज दोन डबे ठरले. दुपारी एक, रात्री एक, सोबत पाव. पावाचं मीठ धरूनही साहेबांच्या मोजणीप्रमाणे ग्रॅमभर जागा उरत होती. मग शिल्लक आहे तर वापरायला काय हरकत, म्हणून भूक लागेल तेव्हा तिसराही डबा फुटू लागला. रिकामे डबे कचऱ्यात तळाशी, वरून वर्तमानपत्र. गल्लीतल्या इतर माणसांची पथ्यं म्हणजे सगळी थापेबाजी, आपलं तेवढं तोलूनमापून, अशी साहेबांची खात्री पटली.

एका रविवारी बेबी आली. नेहमीप्रमाणे तिने बिनमिठाचं सूप करून आणलं होतं, जे साहेब ती गेल्यावर मोरीत ओतत. ती ओटा आवरत होती, कचऱ्याचा डबा उचलला आणि वर्तमानपत्र सरकलं.

‘‘बाबा, हे कोण खातं?’’

‘‘मांजर.’’

‘‘कुठलं मांजर?’’

‘‘पांढरं. वरच्या त्या फोटोग्राफरला विचार, त्याला माहीत आहे.’’

बेबीने डबा हातात घेतला. मग म्हणाली, ‘‘मांजराला हे देऊ नका. मिठाने मरेल ते.’’

‘‘अर्धा ग्रॅम!’’ साहेब उसळले. ‘‘अर्धा ग्रॅम मिठाने कोण मरतं? वाच की तक्ता. एवढी शिकलीस, त्या डबेवाल्या कंपनीत एवढी खुर्ची उबवतेस, आणि साधा तक्ता वाचता येत नाही?’’

बेबी खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत होती. ही कंपनी दुसऱ्यांच्या नावाने डबे भरून द्यायची. बेबी तिथे नक्की काय करते हे मापसाहेबांनी कधी विचारलं नव्हतं. आयत्या खाण्याचा धंदा, त्यात विचारण्यासारखं काय असणार? माझी लेक कचेरीत बसते आणि डबे मोजते, असं ते लोकांना सांगत.

बेबीने डबा कचऱ्यात टाकला आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. ‘‘मांजराला देऊ नका, एवढं माझं ऐका,’’ ती म्हणाली आणि विषय बदलला. बाबा स्वतः असलं काही तोंडात घालतील, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

पाय मात्र सुजत चालले. आधी मोज्यांच्या कडा रुतायच्या, मग चप्पल चढेना, मग जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागू लागलं. एकदा तर फोटोग्राफरने हात धरून वर आणलं आणि दारात विचारलं, ‘‘मांजर बरं आहे ना?’’ डॉक्टरांनी गोळी वाढवली. वजनही वाढत होतं. साहेब म्हणाले, डॉक्टरचा काटा बिघडलाय. नुसतं म्हणून थांबले असते तर ते मापसाहेब कसले! पुढच्या वेळी ते पितळी वजनांची पेटीच घेऊन दवाखान्यात गेले आणि सगळ्या रुग्णांदेखत डॉक्टरांच्या काट्यावर एकेक वजन चढवू लागले. नर्स तोंडावर हात धरून हसत होती. काटा अगदी बिनचूक निघाला. साहेबांनी वजनं फडक्याने पुसून पेटीत ठेवली आणि कोणाकडेही न बघता आत गेले.

आत बेबी आधीच येऊन बसली होती. डॉक्टरांनी अंगठ्याने साहेबांची नडगी दाबली. खळगा पडला तो तसाच राहिला.

‘‘आजोबा, मीठ खाताय.’’

‘‘नाही.’’

‘‘एकटा माणूस, बघणारं कोणी नाही. होतं असं. मी रागावत नाहीये. पण आता एकटं राहणं बंद. लेकीकडे जा, तिच्या नजरेखाली जेवा.’’

बेबी खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘बाबा, मी पडदेसुद्धा बदललेत खोलीचे.’’

आपलं दार, आपली खुर्ची, आपली खिडकी, सगळं त्या पडद्यांमागे गेल्याचं मापसाहेबांना दिसलं. आणि वर हा आरोप! आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडली आणि आज कोणी आपल्यालाच लबाड म्हणावं? त्यांनी पिशवीत हात घातला आणि वाटेत घेतलेला अंड्याच्या सॅलडचा डबा टेबलावर आपटला.

‘‘हा घ्या पुरावा. हेच खातो मी. रोज. दोन डबे, कधी तीन. मांजर नाही, मांजराची आई नाही, मीच खातो. लाज वाटत होती म्हणून बोललो नाही. पण मापाबाहेर एक कण मीठ माझ्या पोटात गेलेलं नाही. वाचा!’’

बेबीने मान झटकन वर केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. साहेबांना वाटलं, आयतं खातो म्हणून पोरीला धक्का बसला.

डॉक्टरांनी डबा उलटा केला आणि तक्त्यावर बोट ठेवलं. ‘‘अर्धा ग्रॅम. तीन डबे म्हणजे दीड. पाव धरला तरी तीनच्या आत...’’ त्यांच्या कपाळाला आठी पडली. ‘‘मग मीठ नाही. मग याचा अर्थ हृदयच थकत चाललंय. असं असेल तर घरी ठेवून चालणार नाही. आजच दाखल करून घेतो, औषधं सगळी बदलावी लागतील.’’ त्यांनी पेन उचललं.

‘‘डॉक्टर, थांबा,’’ बेबी म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘एका डब्यात चार सर्व्हिंग आहेत. पट्ट्याच्या घडीच्या आत लिहिलंय. तो आकडा चतकोर डब्याचा आहे.’’

डॉक्टरांनी नखाने कागदी पट्ट्याची घडी उलगडली आणि डबा दिव्याजवळ नेला. तिथे, चिकटवलेल्या कडेला लागून, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ते होतं. डॉक्टरांनी मनाशी हिशोब केला आणि पेन खाली ठेवलं.

‘‘म्हणजे एका डब्यात दोन ग्रॅम. तुम्ही रोज चार, कधी सहा ग्रॅम खाताय, आजोबा. वर पाव वेगळा.’’ मग ते चक्क हसले. ‘‘अहो, मग हृदयाला कशाला दोष द्यायचा? हे बंद करा. थोडे दिवस जाऊ देत. पाय उतरले तर खुशाल राहा आपल्या घरी.’’

घर वाचलं. पण मापसाहेबांच्या कानात ते शिरलंच नाही. त्यांना पट्ट्याची ती उलगडलेली घडी तेवढी दिसत होती.

‘‘चार?’’ ते म्हणाले. ‘‘या डब्याचे चार? कोण आहे हा अकलेचा कांदा? या एवढ्याशा डब्यातून चार माणसं जेवतात? कोणाची माणसं? बाहुल्यांची? डॉक्टर, मी दुहेरी बुडाची मापं पकडलीत, पण तो चोर निदान कष्ट तरी करत होता हो! पत्रा कापायचा, डाग द्यायचा, रात्रभर खपायचा. हा गाढव नुसता खुर्चीत बसला आणि भागाकार केला! भागाकार करून चोरी! पगार घेत असेल याचा. बायकापोरांना अभिमानाने सांगत असेल, मी लोकांच्या तब्येतीचं काम करतो म्हणून. अशा माणसाला समोर उभा करा माझ्या, नाही त्याची...’’

‘‘बाबा, चला,’’ बेबी म्हणाली.

‘‘याच्या आईबापांनी याला काय म्हणून वाढवला असेल!’’

‘‘चला ना, बाबा.’’

गाडीतही तेच. बेबी चालवत होती, समोर बघत होती, आणि मापसाहेब शेजारी बसून त्या अनोळखी माणसाची चामडी सोलत होते. बुळबुळीत असेल, चष्मा असेल, वजनाचा दगड कधी हातात धरला नसेल. त्याच्या कंपनीत जातो, साहेबाला भेटतो, म्हणतो बोलाव त्या नगाला. सिग्नलला गाडी थांबली. आणि तिथे, बोलता बोलता, साहेब थांबले.

नोकरीत त्यांचा एक नेम होता. दुकानदाराला विचारायचं, या पुडीत किती आहे? जो तोलून सांगतो तो बहुधा साधा असतो. जो तराजूला हात न लावता ग्रॅमपर्यंत बरोबर सांगतो, त्याच्या गल्ल्याखाली हात घालायचा. न बघता आकडा त्यालाच माहीत असतो, ज्याने तो बसवलेला असतो.

दवाखान्यात बेबीने डबा हातात घेतला नव्हता. ती टेबलाच्या या बाजूला होती, डबा त्या बाजूला. घडी बंद होती.

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. बेबीने गाडी पुढे काढली आणि बाबांच्या घरापाशी आणून थांबवली.

स्वयंपाकघरात मापसाहेबांनी तराजू ओट्यावर ठेवला. पेटी उघडली. एका पारड्यात पन्नास ग्रॅमचं वजन टाकलं, दुसऱ्यात बायकोची छोटी ताटली ठेवून धडा केला, म्हणजे ताटलीचं वजन भरून काढलं, आणि डॉक्टरांकडून परत आणलेला डबा बेबीपुढे सरकवला.

‘‘वाढ. एक सर्व्हिंग.’’

‘‘बाबा...’’

‘‘वाढ म्हणतो ना.’’

बेबीने चमच्याने सॅलड काढलं. दीड-दोन चमच्यांतच काटा मध्ये आला. ताटलीच्या मधोमध पांढरा ठिपका पडल्यासारखं ते दिसत होतं.

‘‘हे कोणाचं जेवण?’’

‘‘कोणाचंच नाही,’’ बेबी म्हणाली. ‘‘नुसता आकडा आहे तो.’’

मग तिने सांगितलं, चमचा हातात तसाच धरून. पहिला तक्ता तिने पूर्ण डब्याचाच केला होता. मीठ दोन ग्रॅम, जसं होतं तसं. कंपनीतले वरचे म्हणाले, हा आकडा बघून कोणी डबा उचलणार नाही, काहीतरी कर. मग तिने दोन भाग करून बघितले. तरी आकडा मोठा दिसत होता. म्हणून चार. ‘‘नियमात बसतं, बाबा. मी तपासून घेतलं होतं.’’

‘‘नियमात!’’

‘‘वाटलं, लोक कुठे वाचतात एवढं. सगळे समोरचं चित्र बघतात आणि टाकतात टोपलीत.’’

‘‘मी वाचलं,’’ मापसाहेब म्हणाले. ‘‘चष्मा पुसून वाचलं.’’

बेबी रडायला लागली. लहानपणी ती रडली की साहेब आधी चिडत आणि मग हळूच खिशातून काहीतरी काढून देत. आज खिशात काही नव्हतं. त्यांना राग आला होता, भयंकर आला होता, पण दवाखान्यापासून सिग्नलपर्यंत त्या गाढवासाठी काढलेल्या सगळ्या शिव्या आता समोर उभ्या होत्या आणि त्यातली एकही परत उचलून या पोरीला मारवत नव्हती. ते खुर्चीत बसले. सुजलेले पाय स्टुलावर ठेवले. आणि सवयीने, खरंच नुसत्या सवयीने, त्यांनी पेटी मिटली आणि तोंडून प्रश्न गेला.

‘‘घरी याच मापाने वाढतेस?’’

सगळ्या नोकरीत या प्रश्नाला त्यांनी माना खाली जाताना बघितल्या होत्या. बेबीने मान खाली घातली नाही. तिने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे सरळ बघून उत्तर दिलं.

‘‘नाही, बाबा. आमच्या घरी तो डबा येतच नाही.’’

खिडकीबाहेर कोणीतरी कपडे झटकत होतं.

‘‘मांजराला देऊ नका म्हणालीस तू,’’ ते हळू म्हणाले. ‘‘डबा तुझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतंस, की हा आकडा खोटा आहे. मी ओरडलो असतो, शिव्या घातल्या असत्या, पण कळलं असतं ना गं मला. ते नाही बोललीस. मांजराचा जीव मात्र वाचवलास.’’

‘‘मला वाटलं खरंच मांजर आहे.’’

‘‘मी मांजर असतो तर बरं झालं असतं,’’ मापसाहेब म्हणाले.

बेबीने ताटलीतलं सॅलड कचऱ्यात टाकलं, मग सगळा डबा टाकला. पातेलं शोधून त्यात पाणी घेतलं, दोन अंडी सोडली, आणि पाण्याला उकळी आल्यावर किती वेळ ठेवायची ते साहेबांना दाखवलं. साहेबांनी बघून घेतलं. जाताना ती दारात घुटमळली. ‘‘मी उद्या बोलते ऑफिसात,’’ ती म्हणाली. साहेबांनी मान हलवली, पण होकारार्थी की कशी, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

पाय उतरले. मोज्यांच्या कडा रुतेनाशा झाल्या, जिन्याच्या मधल्या वळणावरचं थांबणं गेलं, आणि डॉक्टरांनी अंगठा दाबून सोडला तर खळगा लगेच भरून आला. ‘‘राहा आता आपल्या घरी,’’ ते म्हणाले. साहेब अंडी उकडायला शिकले. बिनमिठाची, रबरासारखी, बेचव अंडी, पण अंडी. फोटोग्राफर जिना चढताना दिसला तर आता ते दार उघडत नाहीत. बेबी दर रविवारी येते, सूप आणते, आणि साहेब ते तिच्यासमोर बसून संपवतात. त्या डब्याविषयी दोघंही बोलत नाहीत. लेक कुठे असते असं कोणी विचारलं तर साहेब म्हणतात, ‘‘असते एका कचेरीत,’’ आणि दुसरं काही बोलू लागतात.

दर सोमवारी मात्र ते मोठ्या दुकानात जातात. थंड कपाटापाशी उभे राहतात, चष्मा पुसतात, अंड्याच्या सॅलडचा एक डबा उचलतात आणि नखाने पट्ट्याची घडी उलगडून बघतात. अजून चारच आहेत. घडी पुन्हा नीट दाबून ते डबा जागेवर ठेवतात.

गल्ल्यावरच्या मुलीला हे आता पाठ झालंय. मागच्या सोमवारी तिने हसून विचारलं, ‘‘काय आजोबा, मांजरासाठी नको आज?’’

‘‘मांजर बरं आहे,’’ मापसाहेब म्हणाले. ‘‘मी लेकीसाठी येतो बघायला.’’